मागच्या दारानं येणारं पाणी

शनिवार पेठेत नळाला पाणी अर्धा तास उशिरा आलं, की आमच्या सोसायटीचे चेअरमन पत्र लिहितात. पत्राची पोच घेतात आणि ती पोच नोटीस बोर्डावर लावतात. मी या पेठेतच वाढले, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले आणि अर्धं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या सल्लागारांच्या ऑफिसात नोकरी केली, अजूनही करते. त्यामुळे चेअरमन जिन्यात भेटले की शहराच्या सगळ्या पाण्याचा जाब मलाच विचारतात. माझं ऑफिस खाजगी आहे, नळ सोडणं-बंद करणं माझ्या हातात नाही, हे मी त्यांना सांगायचंही आता सोडून दिलं आहे. आमच्याकडे पाणी आलंच नाही असा दिवस मला आठवत नाही. तक्रार न झालेला आठवडाही आठवत नाही.

हे मी ऑफिसात गमतीनं सांगायचे. तक्रारींचा नकाशा काढला तर जिथे पाणी भरपूर तिथे तो सगळ्यात काळा दिसेल, असं म्हणायचे. आमचे साहेब हसायचे. मग जिथे पाणी नाही तिथे नकाशा कसा दिसेल, हा पुढचा प्रश्न मात्र आमच्यापैकी कोणालाच सुचला नाही. तो आम्हाला एका गावानं शिकवला.

गाव शहराच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी. हद्दवाढीत ते पुण्यात आलं. आधी पाटी बदलली, मग घरपट्टी वाढली, आणि बाकीचं सावकाश येईल असं सांगण्यात आलं. गावाच्या शेतांवर आता नवी वस्ती होणार होती. जमीनमालकांनी जमिनी एकत्र द्यायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळेची जागा काढायची आणि उरलेल्यातून प्रत्येकाला आखीव प्लॉट परत द्यायचा, अशी ती योजना. या सगळ्या भागाला पाणी किती लागेल आणि ते कुठल्या क्रमानं आणायचं, हे ठरवायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं.

नव्या वस्तीचं गणित सोपं असतं. प्लॉट किती, त्यावर मजले किती, मजल्यावर घरं किती, आणि मग माणशी ठरलेले लिटर. त्यात गळती धरायची, शाळा-दवाखाना धरायचा, आग लागली तर बंबाला लागेल ते धरायचं. स्वारगेटच्या मागे तिसऱ्या मजल्यावर, एसटीचे भोंगे ऐकत, पंख्याखाली बसून हे सगळं करता येतं. अवघड असतं ते मधलं जुनं गावठाण. तिथे आधीच माणसं राहत असतात, आणि त्यांना आज पाणी किती मिळतं हे त्यांनाच जाऊन विचारावं लागतं.

आम्ही ऑफिसातल्या तिघी बायका गेलो. बायकाच जाऊ देत, असा आग्रह मी धरला होता, कारण घरातल्या पाण्याचं खरं बायकांनाच माहीत असतं असं माझं मत. ते चुकीचं नव्हतं. पण माहीत असणं वेगळं आणि परक्याला सांगणं वेगळं.

प्रत्येक घरात आधी पाणी. उंबरा ओलांडला की काठोकाठ भरलेला पेला समोर आणि बशीत गुळाचा खडा. आमच्या पेठेत 'पाणी हवंय का?' असं विचारतात, आणि तेही अशा सुरात की तहानलेला माणूससुद्धा नको म्हणतो. इथे विचारण्याची भानगडच नव्हती. पाणी पिऊन झालं की मी माझे प्रश्न काढायचे: पाणी कुठून येतं, रोज येतं का, पुरतं का? आणि घरोघरी एकच उत्तर मिळायचं, भरपूर हाय. गावची जुनी विहीर आहे, बोअर आहे, टाकी आहे, पाण्याला काही कमी नाही. एका म्हाताऱ्या बाईंनी तर देवाची कृपा म्हणून टेकडीवरच्या देवळाकडे हात जोडले. ज्यांच्या हातचं पाणी पिऊन ओठ अजून ओले आहेत, त्यांनाच 'तुमच्याकडे पाणी आहे का' असं विचारण्यात काहीतरी चुकतं आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी आपली खूश होते, की चला, एक तरी गाव कुरकुर करत नाही.

मधल्या आळीतल्या एका घरी आम्ही जास्त वेळ थांबलो. घरची बाई माझ्याच वयाची, सगळी आळी तिला वहिनी म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. नवरा अबोल, दिवसभर रानात. मुलगा चाकणला एका कंपनीत कामाला. मुलाचं लग्न ठरत आलं आहे, मुलगी मार्केट यार्डातल्या कांदा-बटाट्याच्या एका अडत्याची आहे, शिकलेली आहे, हे वहिनींनी आम्ही न विचारता सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मी माझे प्रश्न घाईघाईनं उरकले आणि मुलीबद्दलच जास्त विचारत बसले.

ऑफिसात आल्यावर आम्ही सगळ्या उत्तरांची बेरीज केली आणि गावठाणापुढे लिहिलं, सध्याचा पुरवठा समाधानकारक. त्यावरून पुढचा क्रम आपोआप ठरला. टेकडीच्या उतारावर नवी टाकी, तिथून मोठी लाइन नव्या इमारतींना, हे पहिल्या टप्प्यात. गावठाणातले नळ दुसऱ्या टप्प्यात. आमच्या धंद्यात दुसरा टप्पा हे पुढच्या जन्माचं सभ्य नाव आहे. पण ज्यांची तक्रारच नाही त्यांना आधी का द्यायचं, असं साहेब म्हणाले, आणि मलाही ते पटलं.

मे महिन्यात टाकीची जागा बघायला मी पुन्हा गेले. पाणी आपल्या वजनानं खाली यावं म्हणून टाकी उंचावर लागते, तेव्हा टेकडीचा उतार चढून उतरून दुपार झाली आणि माझा जीव अगदी कावला. वहिनींकडे घटकाभर बसावं असा विचार करून मी त्यांच्या घरी गेले. पुढचं दार बंद होतं. हाक मारली, कोणी ओ दिली नाही. मागून यंत्राची घरघर ऐकू येत होती म्हणून मी वळसा घालून मागे गेले.

मागच्या बोळात टँकर उभा होता. त्याचा पाइप गोठ्यात गेला होता. गोठ्यात गाय नव्हतीच. जमिनीत मोठी सिमेंटची टाकी होती आणि वर गवताच्या पेंढ्या रचलेल्या असाव्यात, त्या आता बाजूला सारल्या होत्या. वहिनी एका हातानं पाइप धरून उभ्या होत्या आणि पाइपाच्या जोडातून ठिबकणारं पाणी दुसऱ्या हातानं पातेल्यात घेत होत्या. शेजारच्या चार-पाच जणी रिकामे ड्रम घेऊन भिंतीच्या सावलीत थांबल्या होत्या. मला बघून सगळ्यांचं बोलणं थांबलं. टँकरवाल्यालाच काही कळलं नाही, तो आपला फोनवर गाणं ऐकत होता.

चोरी करताना सापडल्यासारख्या त्या बायका उभ्या राहिल्या आणि लाज मात्र मला वाटली. वहिनींनी पाइप शेजारणीच्या हातात दिला, पदरानं हात पुसले आणि मला आत घेऊन गेल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. विहीर हिवाळ्यातच तळ दाखवते. बोअरचं पाणी भांड्यांवर पांढरं साचतं, पिता येत नाही. चारी बाजूंनी बांधकामं सुरू झाल्यापासून तर बोअरही धापा टाकतो. हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत सगळं गाव टँकरवर. हे सांगायचं नाही असं गावानं ठरवलं आहे. का, तर पोरांची लग्नं जमेनात. पूर्वी मुलीकडचे आधी रान विचारायचे. आता या भागातल्या रानाचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे. ते पहिला प्रश्न पाण्याचा करतात. आणि नुसतं विचारून थांबत नाहीत. मुलगा बघायला आलेल्या पाहुण्यांमधली एखादी आत्या किंवा मावशी हात धुवायचं निमित्त करून मोरीत जाते आणि नळ सोडून उभी राहते. बराच वेळ. धार बारीक झाली की त्या बाहेर येतात, चहा घेतात आणि जातात. या आळीतल्या दोन सोयरिकी अशा मोरीत मोडल्या होत्या.

म्हणून देवळात बसून सगळ्यांनी ठरवलं, की टँकर मागच्या बोळातून येईल, टाक्या गोठ्यात लपतील, आणि परक्या माणसानं पाण्याचं विचारलं तर भरपूर हाय एवढंच सांगायचं. अडत्याकडची मंडळी वहिनींकडे येणार होती, त्याच्या आदल्या दिवशी सगळ्या आळीनं आपापले ड्रम त्यांच्या गच्चीवरच्या टाकीत रिकामे केले होते. त्या दिवशी आळीत कोणी आंघोळ केली नाही. मुलीच्या मावशीनं नळ सोडला तेव्हा अशी धार लागली की मावशीच म्हणाली, बंद करा आता, वाया जातंय.

मी म्हटलं, पण वहिनी, आम्ही काही सोयरीक घेऊन आलो नव्हतो. आम्ही पाणी द्यायला आलो होतो. त्यावर त्या म्हणाल्या, की तुम्ही कागद घेऊन आला होता, कागद कुठे कुठे जातो आणि पुण्यात कोण कोणाचा सोयरा, हे आम्हाला काय ठाऊक? झाकली मूठ सव्वा लाखाची. आडात नाही हे त्या सगळ्यांना माहीत होतं, पण पाहुण्यापुढे पोहरा भरलेलाच ठेवायचा होता. आणि तो त्यांनी आमच्यापुढेही इतका चोख भरून ठेवला, की जे पाणी घेऊन येणार त्यांनाच गावानं परत पाठवलं.

"ताई, तुमाला मुलगी हाय का?" त्यांनी मधेच विचारलं.

आहे म्हटलं, दोन वर्षांपूर्वी लग्न झालं.

"देताना पाणी इचारलं आसंल न्हवं?"

माझी मुलगी हिंजवडीच्या वाटेवर एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहते. लग्नाआधी मी जावयाचा पगार विचारला होता, कंपनी विचारली होती, गाडी लावायला जागा आहे का हेसुद्धा विचारलं होतं. पाण्याचं गणित मांडून पोट भरणाऱ्या बाईनं पाणी विचारलं नव्हतं. त्या टॉवरलाही बारा महिने टँकरचंच पाणी आहे. पण तिथे तो पुढच्या गेटनं येतो, वॉचमन त्याची नोंद करतो, आणि त्याचे पैसे महिन्याच्या मेंटेनन्समध्ये निमूट जातात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. इथे तोच टँकर मागच्या बोळानं येतो आणि बायका मान खाली घालून उभ्या राहतात. हे मी वहिनींना सांगितलं. त्या हसल्या, पण फारशा नाही. त्यांच्या दृष्टीनं माझ्या मुलीचं लग्न झालेलं होतं आणि त्यांच्या मुलाची सुपारी अजून फुटायची होती.

तरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोलले. तुम्ही सगळ्यांनी भरपूर आहे म्हणून सांगितलंत, तेव्हा गावठाण मागे पडलं आहे. नवी लाइन इमारतींना जाईल. त्या म्हणाल्या, लाइन कुठनं जाणार ते दाखवा. मी त्यांना मागच्या दारात नेलं. तिथून टेकडी दिसत होती. वर टाकी, तिथून खाली त्या बांधाच्या कडेनं, मग या बोळाच्या तोंडावरून पुढे, असं मी हातानं दाखवलं.

"तो बांध आमचाच हाय," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. तुम्ही दिलेल्या जमिनीतून रस्ता निघेल, त्याच्याखालून लाइन जाईल. त्यांनी बांध नजरेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजला. मग पाणी कधी येईल, म्हणून विचारलं. काही वर्षं लागतील, मी म्हटलं. मुलाचं लग्न दिवाळीनंतर धरलं होतं. दोन्हींचा मेळ कसा बसायचा हे मलाही दिसत नव्हतं, आणि मी निघाले.

ऑफिसात साहेबांना सगळं सांगितलं. साहेब माणूस वाईट नाहीत, फक्त उंटावरून शेळ्या हाकायची सवय झालेली. ते म्हणाले, गावानं एका तोंडानं पुरेसं आहे असं सांगितलं आहे, आणि तुम्ही एकट्यांनी पाहिलं म्हणून मी गावठाण पुढे घेतलं तर उद्या सल्लागारांनी खर्च फुगवला म्हणतील. जूनमध्ये हरकती ऐकायला गावात जाहीर सभा आहे. तिथे गावातल्या एकानं जरी तोंडानं सांगितलं तरी मी त्याच दिवशी गावठाण पहिल्या टप्प्यात घालतो. मला राग आला, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

मी वहिनींना फोन करून हे कळवलं. त्या फक्त बरं म्हणाल्या. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. चांगला मुलगा, बोलायला गोड. "मॅडम, तुम्ही रिपोर्टमध्येच ते अ‍ॅडजस्ट करा ना प्लीज. आईला बोलायला लावू नका." मला तसं करता येत नाही, हे मी त्याला समजावलं. तो म्हणाला, मग सेकंड फेजमध्येच राहू द्या, आधी माझं लग्न तर होऊ द्या. त्याचं वय तिशी ओलांडत होतं आणि ही त्याची पहिली सोयरीक नव्हती. फोन ठेवल्यावर मला वाटलं, न बोललेलंच बरं. एका घरचं लग्न होईल, पाण्याचं पुढे बघू. असं वाटणं माझ्या नोकरीत बसत नाही, पण वाटलं खरं.

सभा गावच्या शाळेत झाली. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा अजून उघडायची होती, म्हणून वर्गातली बाकं ओसरीवर मांडली होती. पुरुष पुढे, बायका मागे खिडकीखाली सतरंजीवर. योजनेचे अधिकारी टेबलामागे, साहेब आणि मी त्यांच्या बाजूला. पुढच्या रांगेत खुर्चीवर एक पांढऱ्या झब्ब्यातले गृहस्थ बसले होते आणि वहिनींचा मुलगा त्यांना मोठ्या अदबीनं चहा देत होता. मी काही विचारायच्या आत त्यानंच माझ्याजवळ येऊन हळूच सांगितलं, की ते मुलीचे वडील. आपल्या मुलीच्या सासरला प्लॉट कुठे मिळणार, ते समक्ष बघायला आले होते. घोडामैदान असं इतकं जवळ येईल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी मागे वळून वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे मला दिसतंय.

पहिला बराच वेळ प्लॉटवर गेला. कोणाला कोपऱ्याचा हवा होता, कोणाला भावाशेजारचा नको होता. एकाचा अर्धा रस्त्यात गेला होता तो दर पाच मिनिटांनी उठून तेच सांगत होता. मग अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, पाणी, ड्रेनेज, याबद्दल कोणाला काही बोलायचं आहे का?

माजी सरपंच बसल्या जागेवरून म्हणाले, पाण्याचं काय न्हाय, ते भरपूर हाय, तुमी प्लॉटचं बोला. आजूबाजूच्या चार जणांनी माना डोलावल्या. अधिकाऱ्यांनी पुढचं पान उलटलं.

वहिनी उभ्या राहिल्या.

"माझ्या घरात पाणी न्हाय," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण ओसरी लहान होती. "ट्यांकर येतो. मागल्या दारानं येतो, समद्या आळीत येतो. ह्या ताईंनी इचारलं तवा मी खोटं बोलले. माझ्या बांधावरनं पाइप जाणार आन माझ्या दारात नळ न्हाय, हे काय मला पटंना. तेवढं ल्ह्या."

माजी सरपंच म्हणाले, वहिनी, खाली बसा. त्या बसल्या नाहीत. त्यांचा नवरा पायांच्या अंगठ्यांकडे बघत होता. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा मला बघवेना. मागे बायकांमधली एक जण ताडकन उठून निघून गेली. तिच्याकडे रविवारी पाहुणे यायचे होते, असं नंतर समजलं. मग तिच्या शेजारची, बसूनच, सतरंजीकडे बघत म्हणाली, आमच्याकडं बी न्हाय. अधिकारी लिहून घेऊ लागले.

ते लिहीत असतानाच मुलीचे वडील उठले. मला वाटलं, हे आता निघाले. पण ते टेबलापाशी आले आणि सरळ मला म्हणाले, "मॅडम, पाण्याचं आपणच बघता ना? मग इथे नळाला पाणी किती वर्षांत येईल? मुलीचा बाप म्हणून विचारतोय, खरं सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दाराशी उभा असलेला मुलगाही. कागदावर उत्तर होतं, दोन वर्षं. पहिल्या टप्प्यापुढे आम्ही नेहमी दोनच वर्षं लिहितो. ते वाचून दाखवलं असतं तर कोणी मला खोटी म्हटलं नसतं, आणि दोन वर्षं हा मुलीच्या बापाला चालण्यासारखा आकडा होता. माझ्या जिभेवर तो आलाही. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनी जरा जरी विनवलं असतं तर मी दोन म्हणून मोकळी झाले असते. पण त्या विनवत नव्हत्या. त्या गृहस्थांसारख्याच त्याही उत्तराची वाट बघत होत्या, कारण पाणी कधी येणार हे त्यांनाही खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"कागदावर दोन वर्षं," मी म्हटलं. "माझ्या अनुभवानं पाच तरी."

त्यांनी मान हलवली. आपण स्पष्ट सांगितलंत, बरं झालं, असं म्हणाले. मग ते मागे वहिनींपाशी गेले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "येतो. घरी बोलून कळवतो."

सोयरिकीत 'कळवतो' म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. वहिनींनीही हात जोडले. मुलगा त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला आणि परत आला नाही. थोड्या वेळानं त्याची मोटारसायकल निघून गेल्याचा आवाज आला. त्या गृहस्थांचा मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. राग मला माझ्या त्या पाचाचा आला. मी वर्षानुवर्षं आकडे सांगत आले आहे, त्यातला एकही असा कोणाच्या घरात जाऊन पडताना मी पाहिला नव्हता. मला रडू यायला लागलं, आणि टेबलावरचे नकाशे गुंडाळायच्या निमित्तानं मी खाली वाकले.

साहेबांनी शब्द पाळला. तिथेच अधिकाऱ्यांशी बोलून गावठाण पहिल्या टप्प्यात घातलं आणि मला म्हणाले, उद्या सकाळी मागणीचं गणित नव्यानं करून द्या. माणसं पांगली. वहिनी मागे राहून सतरंज्या घड्या करत होत्या. त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. मी जवळ जाऊन सतरंजीचं दुसरं टोक धरलं. माफी मागावी असं मनात होतं, पण कशाची मागायची ते ठरेना, म्हणून मी कामाचंच सांगितलं, की गाव पहिल्या टप्प्यात आलं आहे. त्यांनी ऐकलं. मग पाणी कसं मोजून देतात ते विचारलं. मी म्हटलं, घरातल्या माणसांवर, माणशी इतकं.

"आमच्या घरात किती धरली?"

"तीन. तुम्ही, मालक आणि मुलगा."

त्यांनी घडी पुरी केली, ती आधीच्या घड्यांवर ठेवली आणि वरून हात फिरवून सारखी केली.

"पाच धरा," त्या म्हणाल्या.

मी पाच धरले.